सासूबाई म्हणतात घरात बीफ बंद, मी काय करू?

पत्र असं आहे, थोडं कापून देतेय:

"ताई, मी मूळची वसईची, आता नवरा आणि सहा वर्षांच्या मुलीबरोबर लेस्टरला असते, केअर होममध्ये काम करते. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. आमच्याकडे रविवारी बीफ असतंच, गावाला म्हशीचं, इथे सुपरमार्केटमधलं. मागे एसेक्समध्ये एका गाईला मॅड काऊ निघाला अशी बातमी आली, त्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी पाय लटपटणाऱ्या गाईचा व्हिडिओ टाकला, आणि तेव्हापासून सासूबाईंनी घरात बीफ बंद केलंय. मुलीला शाळेतपण नको म्हणतात. मी कामावर हसत हसत सांगायला गेले तर तिथल्या एक जुन्या बाई म्हणाल्या की अगं इथे जवळच क्विनिबरोला पाच जण गेले त्याने, मग माझंच हसू गेलं. सासूबाईंचे थोरले भाऊ 1986 ते 91 लंडनला होते, ते मागच्या वर्षी वारले, शेवटची सहासात वर्षं त्यांना हळूहळू काही आठवेनासं झालं होतं, आणि आता सासूबाईंना खात्रीच झालीय की ते त्यातूनच गेले. आणि मी इथे रक्त द्यायला गेले होते तर मला नको म्हणाले, का तर डिलिव्हरीच्या वेळी वसईला रक्त चढवलं होतं म्हणून. तेपण याच्यामुळेच म्हणे. म्हणजे मला काही आहे का? तुम्ही गुरांच्या डॉक्टर आहात म्हणून विचारतेय, खरं काय ते सांगा."

अगं, पहिलं म्हणजे तुला काही झालेलं नाही. रक्ताचा नियम काय आहे ते खाली लिहिते, पण तोपर्यंत जीव टांगणीला नको म्हणून आधीच सांगून टाकलं. आणि मी डॉक्टर असले तरी जनावरांची, त्यामुळे मामांबद्दल जे लिहीन ते त्यांच्या हॉस्पिटलच्या कागदांशी ताडून बघायचं.

आता त्या व्हिडिओचं. ती लटपटणारी गाय मीपण पाहिलीय, ते जुनं ब्रिटिश टीव्हीचं फुटेज आहे, दर वेळी कुठेतरी एक केस निघाली की तेच परत फिरतं आणि खाली तारीख कुणी टाकत नाही. गाय खरी आहे, आजारपण खरं आहे, फक्त ती गाय तुझ्या मुलीच्या जन्माच्या कितीतरी आधी मेलीय.

झालं काय होतं, तर आपल्याकडे गाईने दूध जास्त द्यावं म्हणून सरकी पेंड, शेंगदाणा पेंड घालतात ना, तिकडे त्या काळी प्रोटीनसाठी खुराकात मांस आणि हाडांची पावडर मिसळायचे. कत्तलखान्यात जे जे उरतं, डोकी, आतडी, हाडं, ते सगळं मोठ्या भट्ट्यांत शिजवायचं, चरबी काढून घ्यायची आणि राहिलेला चोथा वाळवून दळायचा. आता त्या चोथ्यात गाईबैलच असायचे की. म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराला त्याच्याच जातीचं मांस खायला घालत होते आणि शेतकऱ्याला बिचाऱ्याला बऱ्याचदा माहीतही नव्हतं, कारण गोणीवर नुसतं प्रोटीन किती टक्के ते लिहिलेलं. कुठूनतरी एकदा हा रोग त्या चोथ्यात शिरला, कुठून यावर शास्त्रज्ञांचं अजूनही एकमत नाही, आणि मग आजारी गाईचा चोथा शंभर गाईंना, त्या शंभरांचा हजारांना, असं चक्र वर्षानुवर्षं फिरत राहिलं. नोव्हेंबर 1986 ला वेब्रिजच्या सरकारी पशुवैद्यक लॅबने मायक्रोस्कोपखाली गाईच्या मेंदूला स्पंजसारखी भोकं पडलेली बघितली आणि रोग ओळखला. नाव बीएसई, तोच हा मॅड काऊ. पण हा रोग गाईत चारपाच वर्षं गुपचूप बसतो, म्हणजे ओळखला तेव्हा तो अख्ख्या देशभर पसरून झाला होता.

आणि हा जंतूही नाही आणि व्हायरसही नाही, हे एक प्रोटीन आहे, प्रिऑन म्हणतात. स्टॅन्ली प्रुसिनर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1982 ला हे मांडलं तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं, 1997 ला त्याच कामासाठी नोबेल मिळालं. आपल्या मेंदूत हे प्रोटीन चांगल्या आकारात असतंच, त्याचा एक वाकडी घडी पडलेला रेणू आत आला की शेजारच्या चांगल्यालाही तशीच घडी पाडतो, विरजणाच्या थेंबाने पातेलंभर दूध लागतं तसं, फक्त विरजणात जीव तरी असतो, यात तोही नाही. म्हणूनच तो मरत नाही. तुझ्या सासूबाई म्हणत असतील की कुकरच्या चार शिट्ट्या जास्त काढू, तर त्याचा काही उपयोग नाही, शिजवल्याने प्रिऑन जात नाही. मांस कुठल्या जनावराचं आणि त्याचा कुठला भाग, एवढंच महत्त्वाचं. रोग बसतो मुख्यतः मेंदूत, मज्जारज्जूत, डोळ्यांत, आतड्याच्या शेवटच्या भागात. नुसत्या लाल मांसात आणि दुधात त्याने धोका झाल्याचं दिसलेलं नाही.

सरकारने जुलै 1988 ला असा खुराक गाईगुरांना घालायला बंदी केली आणि नोव्हेंबर 1989 ला इंग्लंड आणि वेल्समध्ये मेंदू, मज्जारज्जू वगैरे माणसांच्या खाण्यातून काढायला लावलं. कागदावर छान. पण डुक्कर आणि कोंबड्यांच्या खाद्यात तीच पावडर चालूच राहिली, तीच गिरणी, तेच मशीन, तेच ट्रक, आणि पुढे प्रयोगात कळलं की एका ग्रॅमपेक्षा कमी आजारी मेंदूसुद्धा एका गाईला पुरतो. बंदीनंतर जन्मलेल्या चाळीस हजारांच्या वर गाई आजारी पडल्या. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून आश्चर्य वाटत नाही, खाद्याच्या गिरण्या मी आत जाऊन बघितल्यात, एका मालानंतर दुसरा माल घेताना मशीन किती झाडतात ते मला माहितीय. सगळ्यात वाईट काळ 1992-93 चा, आठवड्याला हजार आजारी गाई निघायच्या. एकूण ब्रिटनमध्ये नोंदलेल्या 1,80,000 च्या वर.

आता सासूबाईंना जे वाटतं ना की सरकार सेफ सेफ म्हणतंय त्यावर विश्वास कसा ठेवायचा, ते मला अजिबात खुळचट वाटत नाही. मे 1990 मध्ये कृषिमंत्री जॉन गमर यांनी कॅमेऱ्यासमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर भरवायचा प्रयत्न केला, बघा किती सुरक्षित आहे म्हणून. त्याच सुमारास ब्रिस्टलमध्ये एका पाळीव सयामी मांजराला तसाच रोग निघाला होता, म्हणजे गाईतून दुसऱ्या प्राण्यात जातो हे डोळ्यांसमोर दिसत होतं, तरी वर्षानुवर्षं तेच, धोका अगदी दूरचा, ब्रिटिश बीफ खा. आणि मग 20 मार्च 1996 ला आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल पार्लमेंटमध्ये उभे राहून म्हणाले की माणसांत नवीन प्रकारचा सीजेडी (मेंदूचा जीवघेणा प्रिऑन रोग, या नव्या प्रकाराला व्हीसीजेडी म्हणतात) दिसतोय, दहा केसेस आहेत, सगळी तरुण माणसं, आणि बहुधा याचा संबंध बीएसईशी आहे. आठवड्याभरात युरोपने ब्रिटिश बीफ जगभर कुठेही विकायला बंदी घातली. पुढे लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशीचा सोळा खंडांचा अहवाल आला ऑक्टोबर 2000 मध्ये, त्याचं म्हणणं साधारण असं की सरकार खोटं बोललं नाही, पण लोक घाबरतील या भीतीने नुसता धीर देत बसलं आणि ते चुकलं. मला विचारशील तर लोक रोगापेक्षा यावर जास्त चिडले होते आणि बरोबर चिडले होते. म्हणून मी तुला "शंभर टक्के सेफ" असं लिहून देणार नाहीये. काय काढतात, काय तपासतात ते सांगते, मग तूच ठरव.

त्याआधी क्विनिबरो, कारण ते तुझ्या घराजवळ आहे आणि तुझ्या मनात तेच अडकलंय. तुझ्या कामावरच्या बाई खरं बोलल्या. 1998 ते 2000 मध्ये त्या गावाशी संबंध असलेली पाच माणसं व्हीसीजेडीने गेली, एवढ्याशा गावात पाच म्हणजे योगायोग नव्हे, म्हणून लेस्टरशायरच्या आरोग्य खात्याने कसून शोध घेतला आणि मार्च 2001 मध्ये अहवाल दिला. त्यात निघालं ते असं की ऐंशीच्या दशकात तिथले काही लहान खाटीक गाईची डोकी आपल्याच दुकानात फोडून मेंदू काढायचे. ते काम किचकट, सगळं लिबलिबीत, त्याच सुऱ्या त्याच फळीवर मग मांस कापायचं. काही ठिकाणी धड पाण्याने न धुता फडक्याने पुसून काढायचे. मेंदूचा अंश असा मांसाला लागायचा. म्हणजे त्या पाच जणांनी काही मेंदू मागून खाल्ला नव्हता, साधं रविवारचं मांस घरी नेलं होतं. आणि खाल्ल्यापासून आजार दिसेपर्यंत दहा ते सोळा वर्षं गेली. मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात जास्त लागतो, कारण लहान ओळखीचा खाटीक म्हणजे चांगला माल असंच आपण सगळे समजतो, वसईतपण, आणि तसं समजण्यात काही चूकही नसते एरवी. पण त्या गावात आज तू मांस घेतलंस तर त्यात ते काही नाहीये, ती पद्धतच बंद झालीय.

कारण आत्ता तिकडे वर्षाच्या वर वय झालेल्या गाईचा मेंदू, डोळे, मज्जारज्जू कत्तलखान्यातच वेगळे काढून निळ्या रंगात बुडवतात, म्हणजे चुकूनसुद्धा कुणाच्या मालात गेलं तर दिसावं. 1996 पासून सस्तन प्राण्यांची मांस-हाडांची पावडर कुठल्याच शेतातल्या जनावराला चालत नाही, डुकराला नाही आणि कोंबडीला नाही. पाठीच्या कण्याला चिकटलेलं मांस मशीनने ओरबाडून स्वस्त बर्गर आणि पायमध्ये घालायचे ते 1995 डिसेंबरलाच बंद झालं, आणि मला वाटतं खरा घोळ त्या स्वस्त बर्गरांतच जास्त झाला असणार. प्रत्येक गाईला कानात टॅग आणि स्वतःचा पासपोर्ट आहे, तुमच्या व्हिसापेक्षा जास्त कडक. शेतावर मेलेली मोठी गाय तपासणीला जाते. एसेक्सची गाय अशीच सापडली, 2025 च्या मे मध्ये, आणि ती खाण्याच्या साखळीत गेलीच नव्हती. शिवाय ती केस "अटिपिकल" होती, म्हणजे म्हाताऱ्या गाईत आपोआप क्वचित उद्भवणारी, खुराकातून आलेली नव्हे. तपासतात म्हणून अशी एखादी निघते, आणि ज्या देशात कधीच काही निघत नाही तिथे मी आधी विचारते की तपासता तरी का.

आकडा बघायचा तर व्हीसीजेडीने ब्रिटनमध्ये आजवर 178 माणसं गेली, सगळ्यात जास्त 2000 साली, 28, आणि 2016 नंतर एकही नाही. प्रत्येक घरासाठी तो आकडा भयंकर आहे, त्यातली कितीतरी मुलं विशीतली होती. पण नव्वदच्या दशकात काही तज्ज्ञ लाखांच्या गोष्टी करत होते, ते झालं नाही. कथा पूर्ण संपली असं म्हणणार नाही, कारण 2013 मध्ये 32,000 च्या वर काढलेली अपेंडिक्स तपासली तेव्हा साधारण दर 2000 माणसांमागे एकात हे वाकडं प्रोटीन दिसलं. ती माणसं आजारी नाहीत, बहुतेक कधी पडणारही नाहीत, पण म्हणूनच तिकडे रक्ताबाबत एवढी काळजी घेतात. आणि ही जुन्या काळातल्या खाण्याची गोष्ट आहे, तुझ्या मुलीच्या ताटाची नाही.

मामांकडे येऊ. सासूबाई बीफला घाबरल्यात असं तुला वाटतंय, मला पत्र वाचून वाटलं की त्या भावाचं दुःख करतायत आणि त्या व्हिडिओने त्याला एक कारण मिळवून दिलं. तर त्यांना असं सांग: व्हीसीजेडी झालेली माणसं बहुतेक तरुण, मरतानाचं मधलं वय 28. सुरुवात विसरण्याने होत नाही, आधी उदासपणा, चिडचिड, माणसांत न मिसळणं, हातापायांत दुखणं किंवा विचित्र संवेदना, मग तोल जाणं. आणि सुरू झाल्यापासून साधारण वर्ष-सव्वा वर्षात माणूस जातो. म्हातारपणी आपोआप होणारा दुसरा सीजेडी असतो, तो जगभर होतो, शाकाहाऱ्यांनाही होतो, बीफशी त्याचा संबंध नाही, आणि तो तर काही महिन्यांतच माणूस नेतो. सहासात वर्षं हळूहळू विसरत जाणं हे यातल्या कशातच बसत नाही, ते स्मृतिभ्रंशाचं नेहमीचं रूप वाटतं, आणि त्यात लंडनच्या बर्गरचा काही दोष नाही. तरी त्यांना नक्की कळायला हवं असेल तर मामांच्या मुलांकडून न्यूरोलॉजिस्टचे कागद आणि एमआरआयचा रिपोर्ट मागवा आणि तुमच्या जीपीला, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरला, दाखवा. हा फोन तुझ्या नवऱ्याने करायचा. मामा त्याचे होते, आणि मामेभाऊ त्याच्याशी मोकळं बोलतील, सुनेने विचारलं तर त्यांना वाटेल ही कसली चौकशी.

बीफचं भांडण मात्र आकड्यांनी जिंकायला जाऊ नकोस. सासूबाई आहेत तोपर्यंत घरात चिकन, मासे करा, सहा महिन्यांचाच प्रश्न आहे, त्यांच्या हातचं इंदियाल सोडून तुला रविवारी बीफच पाहिजे असं काही नसणार. पण शाळेचं तू त्यांच्या हातात देऊ नकोस. इंग्लंडमध्ये पहिल्या तीन वर्गांना शाळेतलं जेवण फुकट असतं, पोरगी बाकीच्यांबरोबर बसून जे आहे ते खाते, तिला एकटीला "तुझी आजी नको म्हणते" म्हणून वेगळी थाळी देऊ नका, त्या वयात ते फार लागतं, आणि घरात आजीआईची ओढाताण चाललीय हेही तिला कळतं. सासूबाईंना सरळ सांग, "मम्मी, घरात तुमच्या मनासारखं करू, शाळेचं मी बघते." आणि त्यांना हेही विचारता येईल की वसईला आपण खातो ते म्हशीचं मांस कोण तपासतं? भारतात बीएसईची एकही केस नोंदलेली नाही, आणि आपल्या म्हशी कडबा, पेंड खाऊन वाढतात, हाडांची पावडर नाही, त्यामुळे तिथेही या रोगाची भीती नाही. पण इथलं विषारी आणि गावचं पवित्र असं जे डोक्यात बसतं ना, ते थोडं हलेल. चिडून नको विचारू फक्त.

राहिलं रक्त. तो नियम तुझ्यासाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. ब्रिटनमध्ये व्हीसीजेडी रक्तातून गेल्याच्या मोजक्या केसेस झाल्या, पहिली डिसेंबर 2003 मध्ये जाहीर झाली, आणि एप्रिल 2004 पासून त्यांनी ठरवलं की 1 जानेवारी 1980 नंतर ज्याला कुणाला रक्त चढवलंय त्याचं रक्त घ्यायचं नाही, मग ते कुठल्याही देशात का चढवलेलं असेना. वसईच्या हॉस्पिटलमधल्या त्या बाटलीत काही होतं असा त्याचा अर्थ नाही, काउंटरवरच्या माणसाला वसई आणि लंडन वेगळं करत बसायला सांगितलेलंच नाही. तुला कुठली टेस्ट करायची गरज नाही, जिवंत माणसात हे आधी ओळखणारी रोजच्या वापराची रक्तटेस्ट मुळात नाहीच, कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तर देऊ नकोस. उलट बाजूने हेच अमेरिका, ऑस्ट्रेलिया करत होते, 1980 ते 96 मध्ये ब्रिटनला काही महिने राहिलेल्यांचं रक्त घेत नव्हते, तिकडे गेलेल्या आपल्या कितीतरी लोकांना त्या काळात शिकायला इंग्लंडला होतो म्हणून वर्षानुवर्षं परत पाठवलं. दोन्ही देशांनी 2022 ला ती बंदी काढली. तुझी काही लगेच निघेल असं धरून बसू नकोस. नवऱ्याला कधी रक्त चढवलेलं नसेल तर त्याला पाठव, गावाला नुकताच जाऊन आला असेल तर मलेरियासाठी काही महिने थांबवतील आणि एक टेस्ट करतील, पण घेतील, बी ग्रुप आपल्या लोकांत जास्त असतो आणि तो त्यांना हवाच असतो.